पाठ फिरवून ऐकलेली गिटार

बायकोला गिटार मी शिकवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली ते कोणी विचारत नाही.

लॉकडाऊनमधली गोष्ट. केडगावात आमच्या दोन खोल्या, वर पत्रा आणि बाहेर पडायची बंदी. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, मलाही दाखवा ना, कशी धरतात ते." मी मोठ्या मनाने दाखवलं. तिची बोटं एकेक करून तारांवर ठेवली. तारा टोचल्या तसं तिने तोंड वाकडं केलं आणि मला बरं वाटलं. भरतकाम, केक, योगासनं, सगळं तिने हौसेने आरंभलं होतं आणि सोडलं होतं. हेही सुटेल असं मी धरून चाललो होतो.

सुटलं नाही. मी कॉलेजपासून वाजवतो. आधी साधे सूर, मग कॉर्ड, मग स्केल, असा रीतसर एकेक पायरी चढत आलो. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत ते उगाच नाही. ती मात्र भाजीला फोडणी देऊन यायची, गाऊनला हात पुसायची, गिटार मांडीवर घ्यायची आणि एखादा सूर धरून तार जराशी वर ओढायची. तेवढ्यात काहीतरी व्हायचं. खोलीतला पंखासुद्धा थांबून ऐकतोय असं वाटायचं. मग मी तोच सूर, त्याच तारेवर, तेवढाच ओढून बघायचो. सूर बरोबर यायचा. नुसता बरोबर यायचा.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. बायकोचं कौतुक वाटायला हवं, हे मलाही कळतं. शेजारपाजारी ते बोलूनही दाखवतात, "नशीबवान आहात हो." मी हो म्हणतो आणि विषय पाणी कधी येणार यावर नेतो.

दिवसा मी पाण्याच्या मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतो. वाढदिवस, हळदी, कॉलनीचे गणपती. गेल्या गणपतीत आमच्या ऑक्टोपॅडवाल्याने हट्टाने बायकोला स्टेजवर बोलावलं. तिने वाजवलं. पुढच्या रांगेत आपापसांत भांडणाऱ्या बायका गप्प झाल्या. माझ्या वाजवण्याने आजवर कोणाचं भांडण थांबलेलं नाही. खाली उतरल्यावर ऑक्टोपॅडवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, पुढच्या कार्यक्रमाला लीड वहिनींना देऊ. तुम्ही मागून ऱ्हिदम धरा, काय?" मी दात दाखवले. ते हसू आहे असं त्याला वाटलं असावं.

तशात आमची जुनी गिटार गेली. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात तापून तिची मान वाकली. तारा पट्टीपासून इतक्या वर उचलल्या गेल्या की दाबता दाबता बोटं रडायची. नवी घ्यायची ठरलं. आता नवी एकच येणार, आणि ती ज्याच्या हातात तोच लीड वाजवणार, हे कोणी तोंडाने बोललं नाही तरी दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून निवड मी माझ्या हाताप्रमाणे करायला घेतली.

महिनोन्महिने मी व्हिडिओ बघितले. शेवटी दोन मॉडेलांवर येऊन अडकलो. दोन्ही एकाच कंपनीची, आकार तोच, रंगही तोच, निळसर काळा. शोकेसमध्ये शेजारी शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी. फरक होता तो पट्टीत आणि पिकअपमध्ये. पट्टी म्हणजे जिच्यावर बोटं फिरतात ती. एकीची फिकट लाकडाची, लाखेने गुळगुळीत केलेली. दुसरीची गडद लाकडाची, हाताला जरा कोरडी. पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकं, आवाज उचलणारी. फिकटीत सगळी बारीक, गडदीत मागचं एक जाड. त्यामुळे फिकटीचा आवाज स्टीलच्या ताटात चमचा पडावा तसा लख्ख, आणि गडदीचा काकवीसारखा, सावकाश पसरणारा. माझा जीव गडदीवर होता. माझ्या हाताला जे येत नाही ते ती गिटार भरून काढेल, असा माझा हिशेब. बायकोला दोन्हींचे व्हिडिओ दाखवले तर ती म्हणाली, "दोन्ही छान आहेत की." इतकी बेफिकिरी फक्त ज्याला सगळं आयतं मिळालंय त्यालाच परवडते.

तेव्हा माझे वडील आमच्याकडे होते. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून श्रीगोंदा तालुक्यातलं गाव आणि ऊस सोडून ते आमच्या बाहेरच्या खोलीत काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसलेले असायचे. आम्ही आतल्या खोलीत त्याच वाकलेल्या गिटारीवर आळीपाळीने वाजवायचो. ते बाहेर ऐकत असणार, पण बोलायचे नाहीत. माझ्या वाजवण्यावर आबा आयुष्यात कधी काही बोलले नव्हते. चांगलं नाही, वाईटही नाही.

आणि आबांचं मत म्हणजे साधं मत नव्हे. आमच्या भागात भजनी मंडळाला पेटी घ्यायची असली की आबांना बोलावणं यायचं. आजूबाजूच्या गावांतून यायचं. दुकानात गेलं की आबा पेट्यांकडे पाठ करून बसत. पॉलिश कसं आहे, कुठली महाग, काही बघायचं नाही. मग एकाच माणसाने सगळ्या पेट्यांवर भजनाची एकच चाल वाजवायची आणि आबांनी पाठमोऱ्यानेच सांगायचं, "ही गोड हाय." बस्स. गोड म्हणाले की ती पेटी बांधायला घ्यायची. लहानपणी मी हे बघितलं आहे आणि माझी छाती फुगली आहे. पोरांना मी सांगायचो, माझा बाप पाठीने ऐकतो. त्या माणसाने एकदा, एकदाच, माझ्या वाजवण्याला गोड म्हणावं, एवढंच मला हवं होतं. गिटार हे निमित्त होतं.

म्हणून मी म्हटलं, "आबा, तुम्ही चला. तुम्हीच ठरवा."

ते म्हणाले, "वाजवनार कोन?"

"आम्ही दोघं."

"तसं नसतं. हात एकच पायजे."

आता एकच हात म्हणजे कोणाचा? माझा म्हटलं असतं तर बायको काही बोलली नसती, पण गिटार माझ्यासाठी निवडली असं तिच्या मनात राहिलं असतं. तिचा म्हणणं मला मरेपर्यंत जमलं नसतं. मी म्हटलं, "दोघांनाही वाजवायची आहे ना, मग दोघं वाजवू. म्हणजे कोणाची तक्रार नको." आबा मान हलवत राहिले. मी म्हटलं, पेटीचे नियम गिटारीला कशाला? मला माझा तोडगा फार न्यायाचा वाटला होता.

कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत ते दुकान आहे. जिना अरुंद. आबांचा हात धरून बायको वर घेऊन आली. दुकानदाराने दोन्ही गिटारी काढल्या, सुरात लावल्या, एकाच अ‍ॅम्पला जोडायची सोय केली. आबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. डोळ्यांना काळा चष्मा होता, तरी त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. दुकानदाराला मजा वाटली.

चाल ठरली ती आबांची, पेटी ऐकायची जुनी. आधी मी गडद घेतली. मन लावून वाजवली, एक सूर इकडचा तिकडे नाही. मग बायकोने फिकट घेतली आणि तीच चाल वाजवली.

आबा म्हणाले, "दुसरी."

म्हणजे फिकट. माझा विरस झाला, पण लाकडाचा प्रश्न आहे, असतं असं. मी म्हटलं, आता अदलाबदल करू. मी फिकट वाजवली, तिने गडद.

आबा म्हणाले, "दुसरी. ही गोड हाय."

दुकानदार सरळ मनाचा माणूस. तो म्हणाला, "बाबा, मघाशी तर तुम्ही..." आणि गप्प झाला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे आणि मग अ‍ॅम्पवर नसलेली धूळ पुसायला लागला. मी मनाशी म्हटलं, नंतर वाजलेलं कानात राहतं म्हणून म्हातारा दुसरी म्हणतोय. "आता तू आधी वाजव," मी तिला म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा करडा निघाला. तिने आधी वाजवली, मागून मी.

"पयली," आबा म्हणाले.

आता कळायला काही उरलं नव्हतं. ते गिटार निवडतच नव्हते. गिटार कुठलीही असो, तिचा हात लागला की ती गोड आणि माझा लागला की नाही. माझे कान तापले. अंगाची नुसती आग झाली. इतकी वर्षं मी ज्या शब्दासाठी तारा घासल्या तो शब्द माझ्याच बापाने, माझ्याच समोर, मी शिकवलेल्या बाईला देऊन टाकला. आणि ती बाई मान खाली घालून उभी होती, जणू तिने माझ्या खिशातून काही उचललं होतं. त्या खाली घातलेल्या मानेचा मला सर्वांत जास्त राग आला.

एकाच गोष्टीचा मला आधार होता. आबांना माहीत नाही. ते भिंतीकडे तोंड करून बसलेत, त्यांना वाटतंय आपण लाकूड आणि तारा ऐकतोय. त्यांनी मला डावललेलं नाही, फक्त एका आवाजाला गोड म्हटलंय. तेवढ्यावर मी घरी जाऊ शकलो असतो.

बायकोला माझ्या तोंडावरून सगळं समजलं असणार. ती हळूच म्हणाली, "अजून एकदा ऐकवूया का आबांना?" आणि गिटार उचलली. यावेळी तिने छेडायचं पिक तारांवर नुसतं खरवडलं. सूर अर्धवट धरला, एक चुकवला, मधेच ताल सोडला. माझ्यासाठी केलं तिने. मलाही कळत होतं आणि मी गप्प राहिलो, कारण मला ते हवं होतं. मग मी वाजवली. याहून चांगली मी कधी वाजवली नसेन.

आबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "सूनबाई, मुद्दाम वाईट वाजवू नगंस. तारांनी काय घोडं मारलंय तुझं?"

पहिल्यापासून त्यांना माहीत होतं. कोण कधी वाजवतंय, प्रत्येक वेळी माहीत होतं, आणि माहीत असूनच त्यांनी गोड म्हटलं होतं.

"मग घ्यायची कुठली ते तरी सांगा," मी म्हणालो.

"कुठलीबी घ्या. दोन्ही सारख्याच हायत."

महिनोन्महिने मी डोळे फोडून व्हिडिओ बघितले होते. मी बायकोला म्हटलं, "तुला हवी ती घे." तिने दोन्ही हातात धरून बघितल्या, मानेवरून अंगठा फिरवला आणि गडद उचलली. "ही हाताला बरी वाटते," म्हणाली. माझा जीव हिच्यावर आहे म्हणून घेतली की तिला खरंच आवडली, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. दोन्ही उत्तरं मला सोसणार नाहीत.

बायको एका दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसते. तिची वेळ झाली होती, ती तिथूनच रिक्षाने गेली. मी, आबा आणि पाठीवर गिटारची बॅग, असे आम्ही चालत रस्त्याला लागलो. ऊन मी म्हणत होतं. कोपऱ्यावर रसवंती होती, तिथे आबांना सावलीत बसवलं. उसाचा शेतकरी असून रस विकत प्यायचा, यावर आबा दरवेळी कुरकुरतात आणि दरवेळी पितात. चरकाचे घुंगरू वाजत होते. आबांचं बोट बाकड्यावर त्यांचा ताल धरत होतं.

मी म्हटलं, "तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं, कोण वाजवतंय ते."

"मंग? इतके दिस भितीला टेकून बसलोय तुमच्या घरात. मला हात वळखू यायचे न्हाईत व्हय?"

"मग एकदा तरी मला म्हणायचं होतं."

ते विचारतील, काय म्हणायचं होतं, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाले, "गिरनीवाला आठवतो का तुला?"

आठवतो म्हणजे काय. आमच्या शेजारी पिठाची गिरणी चालवायचे ते काका. गावच्या मंडळात पेटी तेच वाजवायचे, आबांबरोबर दुकानात पेट्या वाजवून दाखवायलाही तेच जायचे. ते पेटीवर बसले की समोरच्या वस्तीवरची माणसं चालत यायची. त्यांना जाऊन काही वर्षं झाली.

"ती पेटी माझी हुती," आबा म्हणाले. "मी आनली पुन्यावरनं, यष्टीत मांडीवर घिऊन. मळ्यातल्या खोपीत बसून लई शिकलो. सूर चुकायचा न्हाई माझा. पन मी वाजवाया लागलो का मानसं तंबाखू मळायला भाईर जायची. मंग त्यो आला. म्हनला, आबा, मलापन दाव की. पयली बोटं मीच ठिवली तेची."

मी गिटारची बॅग पायाशी उभी केली होती, ती घसरली. मी ती नीट केली नाही.

"म्हयन्याभरात मंडळींनी मला पेटीवरनं उठवलं. म्हनले, तुमचा कान लई चांगला हाय, तुमी ऐकायला बसा. बसलो. पन तेच्याकडं पाठ करून बसलो. लोकांला वाटलं, काय मानूस हाय, बिनबघता ऐकतो. आन मला तेची बोटं बघवत न्हवती रं. येवढंच हुतं."

माझ्या बालपणातल्या सगळ्या पेट्या, सगळी दुकानं, ती पाठमोरी बसलेली बंडी आणि टोपी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्या पाठीचा मला केवढा अभिमान होता. मी विचारलं, "मग पुढे?"

"पुढं काय. जल्मभर जळलो तेच्यावर. तेला ठावं हुतं. तरी रोज सांच्याला यायचा वाजवायला." आबांनी तळाचा रस संपवला, ओठ पुसले. "आता पेटी कपाटावर हाय. कोन हात लावत न्हाई. जळायलाबी कोन उरलं न्हाई." मग चष्म्यामागून त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं. "तुझं बरं हाय. तुझी घरातच हाय."

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली. कुकर लावला आणि मला म्हणाली, "नवी तुम्ही सुरू करा ना, नारळ फोडायचा तुमचा मान." मी म्हटलं, "तूच घे." तिने गडद गिटार मांडीवर घेतली, अ‍ॅम्प लावला आणि सकाळचीच चाल धरली, यावेळी नीट. तार जराशी वर ओढली आणि आबांच्या खोलीपर्यंत तो सूर काकवीसारखा पसरत गेला. मी समोर बसलो होतो. तिची बोटं पट्टीवरून जात होती, आणि मला ती बघवेनात. पोटात तेच जुनं दुखणं, तसंच्या तसं.

मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. आतून ती म्हणाली, "अहो, आवडलं नाही का?"

"वाजव तू," मी म्हटलं. "मी ऐकतोय."

आबांनी मागे न बघता जरासं सरकून मला जागा करून दिली.